माने हवालदारांची बदली

माने हवालदार सायकलवरून येताना दिसले, की माधवनगरची माणसं रस्त्याच्या कडेला होत. मान देण्यासाठी नव्हे. हवालदारांच्या डाव्या हाताचा भरवसा नसे म्हणून. उजवा हात हँडलच्या मुठीवर व्यवस्थित असायचा. डाव्या हाताची बोटं मात्र मुठीवर निरनिराळे आकार करत असायची. कधी तीन बोटं वाकडी आणि करंगळी हवेत, कधी तर्जनी आडवी पडलेली आणि बाकीची तिच्या पुढं दबा धरून बसलेली. समोरून उसाची गाडी आली की ब्रेक दाबायला नेमकं एकही बोट मोकळं नसे. त्या हिवाळ्यात ते दोनदा उसात आणि एकदा गटारात गेले.

गटारातून मी आणि आमच्या ह्यांनी त्यांना वर काढलं, तेव्हा कपडे झटकायच्या आधी त्यांनी मनगटावरचं घड्याळ पाहिलं.

"सात सेकंद, ताई," ते म्हणाले. "सीवरनं एफवर जायाला अजून सात सेकंद लागत्यात."

नवा माणूस म्हणायचा, हवालदारांच्या हातावरून वारं गेलंय. वारं वगैरे काही नव्हतं. हवालदार गिटार शिकत होते, आणि ते माझ्यामुळं शिकत होते. म्हणून हे सगळं क्रमानं सांगणं मला भाग आहे.

आणीबाणी उठून वर्ष झालं असेल. मी इथल्या कापडगिरणीच्या ऑफिसात आस्थापना विभागात होते. हजेरीच्या याद्या, रजेच्या याद्या, कोण कधी लागला आणि कोण कधी सुटला याच्या याद्या, हे माझं काम. शिवराम माने माझ्या पलीकडच्या टेबलावर पंच मशीन चालवत. पोस्टकार्डापेक्षा थोडं लांबट, जाड कागदाचं कार्ड असायचं. त्यावर कामगाराचा नंबर आणि हजेरी भोकांच्या रूपात पाडायची. दर सोमवारी त्या कार्डांचा खोका एस.टी.नं पुण्याला जायचा. तिथल्या कॉम्प्युटरमधून पगारपत्रकं छापून शनिवारी परत यायची. कॉम्प्युटर आमच्यापैकी कुणीच पाहिला नव्हता. त्याचं नाव घेताना साहेबसुद्धा आवाज खाली आणत.

हवालदार मूळचे आष्ट्याचे. फौजेत वीस वर्षं काढली, त्यातली शेवटची रेकॉर्ड ऑफिसात असल्याच यंत्रावर. थोरले भाऊ गावी ऊस बघायचे. तीन बहिणींची लग्नं हवालदारांनी रजा काढकाढून लावली आणि त्या धावपळीत स्वतःचं राहून गेलं. वय त्रेचाळीस. गिरणीमागच्या चाळीत एक खोली, एक स्टोव्ह, एक ट्रंक.

त्यांचं आवडतं वाक्य एकच होतं: "कागुद म्हंजे कागुद." कागदावर आलेली गोष्ट खरी, खरी नसेल तर माणसानं ती खरी करून दाखवायची. एकदा ऑफिसच्या परिपत्रकात टायपिस्टनं साडेआठऐवजी साडेपाच छापलं. चूक आहे हे पोरासोरालाही कळत होतं. हवालदार पहाटे साडेपाचला येऊन ऑफिसच्या पायरीवर बसले.

मी म्हटलं, "अहो, चूक होती ती."

"आसंल," ते म्हणाले. "मग चूक दुरुस्तीचा दुसरा कागुद काढावा. त्यो निघंपतुर हाय ह्योच खरा."

अशा माणसाचं लग्नासाठीचं परिचयपत्रक मी लिहायला घेतलं, हीच माझी चूक.

झालं असं. माझी धाकटी बहीण शैला साताऱ्याला शिक्षिका. तिच्या शाळेत निर्मला जाधव नावाच्या बाई होत्या. वय अडतीस. वडील गेल्यावर दोन भावांची शिक्षणं केली, भाऊ नोकरीला लागून लांब गेले, आणि घरात राहिल्या त्या आणि त्यांची आई. शैलानं लिहिलं, तुमच्या हवालदारांची माहिती पाठव. मी त्यांना समोर बसवलं आणि एकेक रकाना भरत गेले. उंची, शिक्षण, शेती, पेन्शन. 'छंद' या रकान्यापाशी गाडी अडली.

"छंद न्हाई," हवालदार म्हणाले.

मला रिकामा रकाना बघवत नाही. त्यांच्या खोलीत खुंटीला फौजी कांबळ्यात गुंडाळलेली एक गिटार मी पाहिली होती. फौजेतल्या एका नागा मित्रानं निरोप घेताना दिलेली. मी लिहून टाकलं: 'गिटारवादन.'

पंधरा दिवसांनी निर्मलाबाईंचं उत्तर आलं. अक्षर शिक्षिकेचं, गोल. फाल्गुनात भेटायला यावं. आणि शेवटी एक ओळ: 'मी शाळेत मुलांना गाणी शिकवते. येताना गिटार आणावी, एखादं गाणं बरोबर म्हणता येईल.'

मी पत्र वाचून दाखवलं आणि घाईनं म्हणाले, "मी कळवते, की छंद म्हणजे नुसती आवड आहे. वाजवता येतंच असं नाही."

हवालदारांनी पत्र हातात घेतलं, पुन्हा एकदा पाहिलं, घडी घातली.

"कागदावर गेलंय, ताई."

"अहो, मी घातलं ते! तुम्ही कुठं घातलंत?"

"सही माझी हाय. तुमी आता कायबी कळवू नका. फाल्गुनाला अडीच म्हैने हायती."

दुसऱ्या दिवशी गिटार कांबळ्यातून बाहेर आली.

त्या नागा मित्रानं त्यांना थोडंफार दाखवलं होतं. एका वेळी दोनतीन तारा बोटांनी दाबून सगळ्या छेडायच्या, की सूर एकत्र उमटतात. त्याला कॉर्ड म्हणतात. सी, जी, डी, ए, ए एम अशी त्यांची नावं. हवालदार लहानपणी आष्ट्याच्या तालमीत मातीत लोळलेले, त्यामुळं ते कॉर्डला पकड म्हणत. "सी ही साधी पकड. जी जरा लांब हाताची. पर एफ, ताई, एफ म्हंजे धोबीपछाड! येका बोटानं सगळ्या तारा चीत करायच्या आन् वर बाकीची तीन बोटं लावायची. माझं बोटच चीत हुतंय."

पकड येत होती. एका पकडीतून दुसरीत जाणं येत नव्हतं. सी वाजवली, की हवालदार थांबत, एकेक बोट उचलून नव्या जागी ठेवत, खाली वाकून खात्री करत, मग जी वाजवत. मधल्या वेळात ऐकणाऱ्याचा चहा पिऊन व्हायचा. आमचे हे म्हणाले, "हवालदार, हे गाणं आहे की कवायत? एक, दोन, थांब!"

हवालदार हसले नाहीत. ते विचारात होते. आठवडाभरानं मला म्हणाले, "माझ्या ध्यानात आलंय काय हुतंय ते. मी माझ्या मनानं सराव करतोया, तवा मन एफ टाळतंय. सी-जी, सी-जी, लय गोड लागतंय. मन फितूर हाय, ताई. दुसऱ्या कुनीतरी हुकूम द्यायला पायजे. ज्याला माझी दया येनार न्हाई असा."

तो दुसरा कुणीतरी म्हणजे पुण्याचा कॉम्प्युटर.

प्रोग्रॅम म्हणजे काय, हे मला तेव्हा कळलं. मी विचारलं, तर म्हणाले, "यादी. तुमच्यासारखीच. फरक येवढाच, तुमची यादी तुमी वाचता आन् 'उद्या करते' म्हनता. मशीन उद्या म्हनत न्हाई."

त्यांचा बेत असा होता. कार्डांवर हुकूम पाडायचे, की या आठ पकडींच्या जोड्या लाव, वाटेल त्या क्रमानं, आणि प्रत्येक जोडीच्या मध्ये किती ठोके थांबायचं तो आकडा छाप. तो कागद समोर ठेवून सराव करायचा. जिथं बोटं अडतील त्या जोडीला किती सेकंद लागले, ते घड्याळावर बघून टिपायचं. ते सेकंद नव्या कार्डांवर पाडून सोमवारी पुण्याला पाठवायचे. मग पुढच्या शनिवारच्या कागदावर यंत्र त्याच अवघड जोड्या जास्त वेळा देईल. पुण्याच्या मशीनवर त्यांचा फौजेतला दोस्त होता; पगारपत्रकं झाली की तो ही चाळीस कार्डं चालवून देणार होता.

मला हे सगळं पटलं. माणूस वेडा असेल, पण पद्धतशीर वेडा होता.

परवानगीशिवाय खोक्यात कार्ड घालणं हवालदारांच्या रक्तात नव्हतं. त्यांनी साहेबांना रीतसर अर्ज लिहिला: 'कॉर्ड बदलण्याचा सराव करणेकामी गिरणीच्या पार्सलातून चाळीस कार्डे पाठविण्यास परवानगी असावी.' साहेबांनी तो चष्म्याशिवाय वाचला. त्यांना वाटलं, माने कार्ड बदलण्याचा सराव करणार. असा कामसू माणूस आपल्याकडं आहे याचा आनंद होऊन त्यांनी लगेच सही केली.

प्रोग्रॅमला नाव द्यावं लागतं, म्हणे. हवालदारांनी नाव दिलं 'बदली'. पकडीची बदली. कागदाच्या माथ्यावर इंग्रजी मोठ्या अक्षरांत ते छापून यायचं.

दीड महिना झकास गेला. दर शनिवारी पुण्याहून लांबलचक घडीचा कागद यायचा, संध्याकाळी हवालदारांच्या खोलीतून टँग, मग शांतता, मग टँग असा आवाज यायचा, आणि सोमवारी सेकंदांची कार्डं पुण्याला जायची. त्यांच्या सांगण्यावरून मीही माझ्या वहीत आकडे मांडत होते. सी ते जी, दोन सेकंद. ए ते डी, एक. सी ते एफ, नऊ; मग आठ; मग गटारात पडले त्या दिवशी सात.

आणि मग फाल्गुनाला जेमतेम तीन आठवडे उरले असताना ते संकट आलं.

गिरणीत 'बदली' या शब्दाला एकच अर्थ आहे. कायमचा कामगार आला नाही, तर त्याच्या जागी घेतात तो बदली. रोज सकाळी फाटकाशी तीसचाळीस बदली कामगार उभे असत, आणि कुणाला कुठल्या पाळीला घ्यायचं हे टाइमकीपर पाटील ठरवत. पाळ्यांचीही नावं अक्षरांची: ए म्हणजे सकाळची, बी दुपारची, सी रात्रीची आणि जी म्हणजे जनरल.

त्या शनिवारी हवालदार पुतणीच्या साखरपुड्याला आष्ट्याला गेले होते आणि मी दात काढायला मिरजेला; गाल सुजल्यामुळं सोमवारीही मी घरीच होते. पुण्याचं पार्सल पाटलांनी उघडलं. वर ठळक अक्षरांत 'बदली'. खाली अनुक्रमांक, त्यापुढं अक्षर, आकडा आणि पुन्हा अक्षर. सात, सी, चार, जी. पाटलांना वाटलं, साहेबांनी परस्पर पुण्याहून नवी यादी मागवली. ते मनातून दुखावले, पण कागद पुण्याचा आणि कॉम्प्युटरचा. त्यांनी पहिलं पान फाटकावरच्या फळ्यावर डकवलं.

पुढचं मला नंतर कळलं. फळ्यापुढं ही गर्दी!

"माझा बिल्ला सात. सी, चार, जी. म्हंजे चार दिवस रातपाळी, मग जनरल."

"आन् माझ्या म्होरं ए एम हाय ते?"

"सकाळ रं गड्या! घड्याळ कवा बघितलंस का न्हाई?"

"डी?"

"डबल पाळी."

"आन् ह्यो एफ कसला?"

एफ कुणालाच लागेना. शेवटी म्हातारे आप्पा विणकर पुढं झाले, कपाळावर हात धरून त्यांनी अक्षर निरखलं आणि निकाल दिला, "एफ म्हंजे फुकट. घरला जावा."

तीन दिवस गिरणी हवालदारांच्या गिटारीवर चालली. मंगळवारी हवालदार परतले, फळ्यापुढं सायकलवरून उतरले, आणि तिथंच सावधान उभे राहिले. दहा मिनिटांनी आम्ही दोघं साहेबांपुढं होतो.

"माने, हे काय आहे?"

"साहेब, कॉर्ड."

"कार्ड दिसतंय मला. कार्डावरची ही यादी कसली?"

"कार्ड न्हाई साहेब. कॉर्ड. गिटारीची. अर्जात लिवलंय."

साहेबांनी अर्ज मागवला, या वेळी चष्मा लावला, आणि त्यांना 'कॉर्ड'वरचा तो अर्धचंद्र दिसला. त्या अर्धचंद्रापायी हवालदारांना अर्धचंद्र मिळणार, हे त्यांच्या चेहऱ्यावरून मला दिसलं. नोकरी राहिली तरी प्रोग्रॅम बंद होणार. आणि एफ अजून सहा सेकंदांवर होता.

मी तोंड उघडणार एवढ्यात दारात चारपाच बदली कामगार आले. पुढं आप्पा.

"आवं साहेब, ही यादी काढू नगा," आप्पा म्हणाले. "लय झ्याक यादी हाय. म्या घरी बसलो त्यात, तरीबी म्हनतोय. इतकी वर्सं झाली, पयल्यांदा अशी यादी लागली की जिच्यात कुनाची भावकी न्हाई."

पाटील खिडकीबाहेर बघायला लागले. साहेबांनी कागदावरच्या दोनचार ओळींवरून बोट फिरवलं. मग त्यांनी चष्मा काढला.

"माने, बदल्यांची खरीखुरी यादी त्या यंत्राकडून अशीच काढता येईल?"

"येईल, साहेब."

"मग ती करा. आणि तुमच्या त्या गिटारीच्या कागदाला दुसरं नाव द्या. एवढी कसली घाई आहे पण त्याची?"

हवालदार खोटं बोलू शकत नव्हते. "लगीन," ते म्हणाले.

साहेबांनी त्याच अर्जावर पुन्हा एकदा सही केली, या वेळी तारीख घालून. बाहेर आल्यावर मी व्हरांड्यातल्या बाकावर बसले आणि दोन ग्लास पाणी प्याले.

फाल्गुनातल्या एका रविवारी सकाळच्या एस.टी.नं आम्ही साताऱ्याला निघालो. हवालदार, मी, मांडीवर कांबळ्यातली गिटार आणि पिशवीत पुण्याच्या कागदांचा गठ्ठा. कऱ्हाडपर्यंत हवालदारांची बोटं पुढच्या सीटच्या दांडीवर चालली होती. सी ते एफ: साडेतीन सेकंद. त्याखाली ते काही केल्या येत नव्हतं.

"साडेतीन सेकंदात त्यांना काय कळतंय," मी म्हटलं.

"त्या गानं शिकिवत्यात, ताई. त्यास्नी अर्धं सेकंदबी कळंल."

शैला स्टँडवर आली होती. घर छोटं, स्वच्छ. निर्मलाबाई उंच, चष्मा लावणाऱ्या, बोलायला बेताच्या. त्यांच्या आईंनी पोहे आणले, चहा आणला. साडेअकरा झाले होते, पण जेवणाचं कुणी काढलं नाही. ती रीतच आहे. ठरेपर्यंत पाहुण्यानं त्या घरी पानावर बसायचं नाही, आणि घरच्यांनी आग्रह करायचा नाही. केला, तर त्याचा अर्थ होकार. येताना माझ्या पर्समध्ये म्हणूनच दोघांच्या दशम्या होत्या.

"म्हणायचं?" निर्मलाबाईंनी विचारलं.

हवालदारांनी गिटार घेतली, पण वाजवली नाही. आधी म्हणाले, "एक सांगायचं हाय. कागदावर गिटारवादन लिवलं, तवा मला ते येत नव्हतं. अडीच म्हैन्यांत केलंय. एफला अजून थांबाय लागतंय. साडेतीन सेकंद."

मी शैलाकडं बघितलं. शैलानं छताकडं बघितलं.

"बघू," निर्मलाबाई म्हणाल्या आणि त्यांनी मुलांचं एक बैलगाडीचं गाणं सुरू केलं. साधा, मोकळा आवाज. सी गेली. जी गेली. मग एफ आली, आणि हवालदारांची बोटं हवेत अडकली. निर्मलाबाईंचं गाणंही थांबलं, पण चुकल्यासारखं नव्हे. त्यांनी तिथं सावकाश एक श्वास घेतला, टँग झाल्याबरोबर पुढची ओळ उचलली. दुसऱ्या कडव्यात तसंच. तिसऱ्या कडव्यात मला वाटलं, गाण्यात ती जागा मुळातच असावी. गाणं कुठंही न तुटता संपलं.

"मुलंही तिथंच दम घेतात," त्या म्हणाल्या. "चढाची ओळ आहे. सराव कसा केलात?"

हवालदारांनी पिशवीतून कागद काढले आणि कार्ड, कॉर्ड, पुणे, सेकंद हे सगळं कवायतीच्या आवाजात सांगितलं. निर्मलाबाईंनी शिक्षिकेच्या सवयीनं गठ्ठा पहिल्या पानापासून तपासायला घेतला. एकेक घडी उलगडत त्या अगदी तळाशी पोचल्या आणि थबकल्या. आकडे आणि पकडी संपल्यावर, कागदाच्या शेवटी, इंग्रजी अक्षरांत आणखी एक ओळ होती. ती मीही कधी पाहिली नव्हती. माझं लक्ष नेहमी वरच्या सेकंदांवर असे.

निर्मलाबाई अक्षरं जुळवत वाचायला लागल्या. "जेव... लास... का... रं?" त्यांनी आधीच्या आठवड्याचा कागद पाहिला. मग त्याच्या आधीचा. सगळ्यांच्या शेवटी तेच होतं.

आई हसल्या, शैला हसली. "हे कोण विचारतंय?" निर्मलाबाईंनी विचारलं.

हवालदारांचे कान लाल झाले. "मशीन," ते म्हणाले. "म्हंजे मीच पाडलंय ते. सराव संपतो तितं." मग थोडं थांबून, जणू साहेबांना खुलासा देत असावेत तसे, "येकच कार्ड हाय. लय जागा खात न्हाई."

निर्मलाबाईंनी कागद पुन्हा होत्या त्याच घड्यांवर घातला, गठ्ठा नीट केला आणि मांडीवर ठेवला. आई रिकामे कप उचलत होत्या, त्या तशाच थांबल्या.

निर्मलाबाईंनी चष्मा वर सरकवला आणि सकाळपासून पहिल्यांदाच सरळ हवालदारांकडं बघितलं.

"मग? जेवलात का?"

हवालदारांनी गिटार बाजूला ठेवली. त्यांना उत्तर द्यायला साडेतीन सेकंदांपेक्षा बराच जास्त वेळ लागला.

"न्हाई," ते म्हणाले. "अजून न्हाई."